उजवी पाकळी

ता. ९ डिसेंबर १८८७. ठाणे.
उलटतपासणी ऐन रंगात असताना पट्टेवाल्यानं तार हातात दिली. ‘दादांना छातीत कळ. ताबडतोब या.’ तार वहिनींनी करवली असणार. दादा स्वतः कधी कुणाला बोलावणार नाहीत. साक्षीदार तसाच पिंजऱ्यात उभा. पुढचा प्रश्न काय होता ते आठवेना. तहकुबी मागून दुपारच्या गाडीनं निघालो. पूल कधी आला, मिठागरं कधी मागे पडली, काही कळलं नाही.

ता. १०. कल्याण.
वडील गेल्यावर ज्यानं भाताची पोती मोजून घेता घेता धाकट्या भावाला वकील केलं, तो माणूस ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता आणि मला पाहून उठला नाही. दादा उठले नाहीत! जेवत असले तरी माझी चाहूल लागताच हात थांबवणारे दादा.

काल बंदरावरून कोठाराकडे चढताना कळ आली. म्हणाले, “छातीवर कुणी वरवंटा रोवून उभं राहिल्यागत.” डावा हात करंगळीपर्यंत जड झाला. थांबले, कळ गेली. पुन्हा चालले, पुन्हा आली. आणि ही पहिली वेळ नव्हे. दिवाळीपासून चालू आहे. कुणालाही सांगितलं नाही.

“का नाही सांगितलंत?”
“सांगितलं असतं तर तू भाषण केलं असतंस.”

एवढ्या दुखण्यातही चिमटा शाबूत आहे. हसू आलं नाही मला.

आबा वैद्य सकाळीच नाडी पाहून गेलेले. आमच्या घरात त्यांच्या आजोबांपासूनचा हात. हृच्छूल म्हणाले. अर्जुनाची साल दुधात उकळून दोन वेळा, जड अन्न बंद, चढ बंद. माणूस भला आहे, त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. पण त्यांच्या बोलण्यात कळ *आली तर* काय, हे कुठेच नव्हतं.

ठाण्याला डॉ. केशवरावांना निरोप धाडला. उद्या येतात.

ता. ११. कल्याण.
केशवरावांनी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. मग मला परसात विहिरीपाशी नेलं. “अंजायना,” म्हणाले, म्हणजे हृदयाची कळ. पुस्तकात हा शब्द वाचला होता. वाचलेला शब्द आपल्या घरात येऊन बसला की त्याचं तोंड वेगळं दिसतं.

“पुढच्या कळेत जाऊही शकतात. वर्षानुवर्षं राहूही शकतात. मी सांगू शकत नाही.”

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. 

मग औषधांचा विचार. हा माणूस मला आवडतो तो यासाठी. पेटीतून बाटली काढून देत नाही, आधी रोगी कोण आहे ते पाहतो.

“कळेला ब्रँडी देतात. दादा घेतील?”
“प्राण गेला तरी नाही.”
“मग ती खोडली. मॉर्फियाची सुई चांगली, पण सुई माझ्याकडे ठाण्याला आणि कळ इथे कल्याणला. डिजिटॅलिस पुष्कळ जण देतात. या कळेला मी देणार नाही, हृदयाला बळ द्यायला जावं आणि भलतंच व्हावं. राहिलं हे.”

कापसात गुंडाळलेले काचेचे मणी, बोराएवढे. आत पिवळसर पाणी. कळ आली की रुमालात धरून चिरडायचा आणि नाकाशी धरायचा. पोटात काही जात नाही, म्हणजे सोवळ्याओवळ्याचाही प्रश्न नाही.

म्हटलं, आधी मी हुंगणार. जे स्वतः पाहिलं नाही ते मी दुसऱ्याला सांगत नाही. केशवराव हसले, “वकीलसाहेब, साक्ष महागात पडेल.” मणी फुटला, टच्‌. पिकून फुटलेल्या फणसासारखा वास. आणि मग बाप रे! तोंडावर जाळ, कानशिलांत ढोल, विहीर डोळ्यांपुढे तिरपी. हजार माणसांपुढे तावात येऊन बोलताना रक्त चढतं ते मला ठाऊक आहे, हे त्याच्या पलीकडचं. थोड्या वेळानं ओसरलं. डोकं अजून ठणकतंय.

वहिनी माजघराच्या दारातून पाहत होत्या. “भावोजी, तुमचं तोंड टोमॅटोसारखं... नाही, कुंकवासारखं झालं होतं.” टोमॅटोचं नाव त्यांनी माझ्याच घरी ऐकलंय, सौ. ते पानात वाढू देत नाही.

केशवराव म्हणाले, आबांची साल चालू राहू द्या, माझी मुळीच हरकत नाही. साल रोजची, मणी वेळेचा.

ता. १२. कल्याण.
केशवरावांची हरकत नसेल, दादांची आहे. एका घरात दोन हात नकोत. वैद्याचं औषध चालू असताना डॉक्टरचं घेणं म्हणजे वैद्याचा अपमान, आणि आबा तो सोसून उंबऱ्याशी येणार नाहीत. आमच्या आळीत अशीच रीत आहे. म्हणजे साल किंवा मणी. दोहोंतून एकच!

समजावलं. रक्तवाहिन्या सांगितल्या, विलायतेतले दाखले सांगितले, स्वतः हुंगल्याचं सांगितलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

“झालं भाषण?”
“भाषण नव्हतं, दादा.”
“बरं झालं. आता देवीला विचारू. उद्या मंगळवारच आहे.”

म्हणजे कौल. मूळ गावच्या गावदेवीचा. माझ्या थोरल्या भावाच्या प्राणांचा निकाल दोन ओल्या पाकळ्यांवर! मूर्तीवर चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. ज्या खुळाविरुद्ध मी ठाण्यापासून पनवेलपर्यंत घसा फोडला, ते खूळ माझ्याच ओसरीवर पाट मांडून बसलं आहे. मी ओरडलो. हो, ओरडलो. दादांचा हात छातीकडे गेला तसा गप्प झालो.

यापुढे या घरात आवाज चढवणं म्हणजे... लिहवत नाही.

ता. १३. कल्याण.
गेलो. बैलगाडीत दादांना टेकून बसवलं. म्हटलं होतं देवळात पाऊल टाकणार नाही. टाकलं.

नामा गुरवानं पूजा केली. वहिनींनी नेलेल्या ताटातून दोन पाकळ्या घेऊन देवीच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या. दादांनी हात जोडून स्वच्छ आवाजात विचारलं, “आई, डॉक्टरचं औषध घेऊ का?”

मी खांबाला टेकून उभा. मनात त्या शिळेला शिव्या देत होतो. आणि त्याच वेळी, हे कागदावर तरी खरं लिहितो, डोळे उजव्या खांद्यावरून हलत नव्हते.

उजवी पडली.

दादांच्या डोळ्यांत पाणी. नामा ओरडला, “आईनं होय म्हटलं, धनी!” परतताना दादा गाडीत म्हणाले, “बघ, तुझ्या बाजूनं निकाल लागला आणि तोंड मात्र हरल्यासारखं.”

ता. १४. ठाणे.
कोर्ट. लक्ष नाही.

आबा वैद्यांनी निरोप धाडलाय, “देवीनं सांगितलं तिथे मी कोण? सुखी असा.” साल बंद. दुधातली एक साधी साल, तीही देवीनं बंद केली.

सौ. म्हणते, “तुम्हाला हवं ते झालं ना? मग कुणावर चिडलाय?”
उद्याच्या खटल्याचे कागद पुढे ओढले.

ता. १६. कल्याण.
संध्याकाळी आलो तो दादांना कळ. डोळ्यांदेखत. तोंड राखेसारखं, कपाळावर घाम, ओठ आवळलेले. असं दुखणं ज्यात माणूस कण्हतही नाही, नुसता स्तब्ध होतो. हललं तर फुटेल अशा बेतानं. वहिनींनी मणी रुमालात चिरडून नाकाशी धरला.

दादांचं तोंड लाल झालं, मानेच्या शिरा उडू लागल्या, आणि मी श्वास सोडायच्या आत ते म्हणाले, “गेली.”

गेली! अशी जादू मी कुठल्या सभेत सांगितली असती तर लोकांनी मलाच भगत म्हटलं असतं. मला रडू आलं. दादा माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, “वेड्या, रडतोस काय? आईनं दिलेलं औषध आहे, लागू पडणारच.”

घरात मण्याचं नाव आता फणस. “फणस जवळ ठेवलाय ना?” असं विचारतात. दादांच्या कोपरीच्या खिशात एक, उशाशी एक.

ता. १८. कल्याण.
आज पेठेत व्याख्यान होतं. महिन्यापूर्वी ठरलेलं. विषय: कौल आणि नवस. दादा पुढच्या बैठकीवर. कधी येत नाहीत ते आज आले, शाल पांघरून, खिशात मणी.

उभा राहिलो. पहिलं वाक्य तयार होतं, ते मला झोपेतही येतं. मागून एक व्यापारी म्हणाला, “वकीलसाहेब, तुमच्या दादांना देवीनं वाचवलं ते आधी सांगा!” हशा. हेटाळणीचा नव्हे, मायेचा. दादाही हसले.

मी बोललो असतो तर? कौल थोतांड, म्हणजे मणीही थोतांड. दादांच्या हिशेबी दोन्ही एकाच देठाला आहेत. घरी जाऊन त्यांनी तो खिशातून काढून ठेवला असता. मी मुलींच्या शिक्षणावर बोललो. टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्यांची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ता. २१. कल्याण.
लिहून काढतो.

दादा झोपले होते. मी वहिनींना म्हटलं, योगायोगानं उजवी पडली म्हणून निभावलं, डावी पडली असती तर?
त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “डावी पडली नसती.”
“म्हणजे?”
“गणपतीत इथे येरझारा घालत भाषण पाठ करत होतात. मी आत पुरण वाटत होते. पाकळी देव पाडत नाही, पाणी पाडतं, म्हणालात. भिजलेली धरून राहते, कोरडी आधी सुटते. कितीदा म्हणालात. मला पाठ झालं.”

मी जाऊन दादांच्या खोलीचं दार लोटून आलो.

“उजवी पदराला पुसून ताटात ठेवली. डावी तांब्यात चांगली बुडवली. नामाच्या हाताला कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं.”
“वहिनी! मी ते लोकांना शहाणं करायला सांगत होतो.”
“मग? झाले की मी शहाणी.”

माझं भाषण! लबाडी उघडी पाडण्यासाठी जे वर्ष-दीड वर्ष घासून धारदार केलं, ते भाषण माझ्या वहिनीनं लबाडी शिकायला वापरलं. आणि त्यानं माझा भाऊ जिवंत आहे.

विचारलं, तुमचा देवीवर विश्वास नाही का?
“आहे तर! म्हणून तर तिच्यावर ओझं टाकलं नाही.” मग तांदळातला खडा काढता काढता, “माझे वडील याच कळेनं गेले, भावोजी. तेव्हा कौल लावला होता. खरा. मला पाकळीवर नवरा सोडायचा नव्हता.”

ता. २२. ठाणे.
कुणाला सांगू? कुणालाच नाही.

ता. २६. ठाणे.
नाताळची सुटी. केशवराव सकाळी आले. दोन गोष्टी सांगितल्या, दोन्हींनी हादरलो.

एक. मणी पुरेसा नाही. दादांना कळा वारंवार येऊ लागल्या आहेत. फुटलेला मणी आलेली कळ घालवतो, येणारी थांबवत नाही. त्यासाठी नवं औषध आहे, रोज पाण्यातून थेंब. इंग्रजी वैद्यकपत्रात त्यांनी वाचलंय, स्वतः दोघांना देऊन पाहिलंय. नाव सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलो.

“हे तर खाणवाले डोंगर फोडायला वापरतात!”
“तेच.”
“तुम्ही माझ्या भावाला सुरुंगाचं तेल पाजणार?”
“शंभराला एक, असं स्पिरिटात पातळ केलेलं. त्यातलाही एक थेंब. फुटणार काही नाही, आवळलेलं तेवढं सैल होईल. पहिले दिवस डोकं दुखेल, तेव्हा घाबरून सोडू देऊ नका. मी दुसरं काही निवडलं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं. या रोग्याला हेच.”

दोन. कल्याणच्या पेठेत एक म्हातारी बाई होती. हीच कळ. केशवराव तिच्याकडे मणी ठेवून आले होते. मुलानं कौल लावला. डावी पडली. बाई काल गेल्या. मणी कापसात तसेच आहेत.

“पण कौल लावायची बुद्धी कुठून झाली त्यांना?”
केशवराव माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुमच्या दादांना लागू पडला म्हणून. पेठेत सगळे तेच बोलतात.”

त्यांना वहिनींचं ठाऊक नाही. मी चहा पुढे केला. माझा प्याला तसाच राहिला. व्याख्यानाच्या दिवशी मागून बोलला तो व्यापारी, त्याचीच ती आई.

मी त्या दिवशी बोललो असतो तर...

ता. २७. ठाणे.
एका बाजूला दादा. दुसऱ्या बाजूला ती बाई, आणि तिच्यामागे आणखी कितीक उभ्या आहेत. वकिली करताना दोन्ही बाजू मांडता येतात. इथे मांडतो आणि दोन्ही खऱ्या ठरतात.

सौ.ला शेवटी सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता रडली. म्हणाली, “जाऊबाईंना काही बोलू नका. तुम्ही सभेत गर्जायचं आणि घरचं त्यांनी निस्तरायचं, असंच चाललंय.”

ता. २८. कल्याण.
दादांना थेंबांचं सांगितलं. स्पिरिट लपवलं नाही, डोंगर फोडण्याचंही नाही. मला वाटलं संतापतील. ते नुसते विचारात पडले.

“नवं औषध ना? मग नवा कौल.”
“दादा, देवीनं एकदा डॉक्टरला होय म्हटलंय. ते पुरे.”
“ते मण्याला. हे पोटात जायचंय. आणि त्यात ते स्पिरिट. माझ्या मनानं मी नाही घेणार. आई म्हणाली तर विषही घेईन.” मग हसून, “वकील असून तुला एवढं कळू नये? वेगळा दावा, वेगळा निकाल.”

नामा गुरवाला बोलावणं गेलं. तो आला आणि ओट्याच्या खालीच उभा राहिला. वर येईना. “धनी, मी पाकळी नाय लावनार. माजे घरात त्या दिसापासून ताप हाय. बायको उठली नाय.”
दादा म्हणाले, “त्याचा कौलाशी काय संबंध?”
नामानं वहिनींकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाला, “आईचं आईला ठावं. घरच्या मानसानं लावावी. मी पूजा करीन, हात नाय लावनार.”

तो खरोखर घाबरलेला आहे. ज्याला मी सभांतून ढोंगी म्हणत आलो, तो गुरव ढोंगी नाही. त्यानं एकदा खोटं होऊ दिलं आणि आता त्याला झोप नाही. तापाला औषध म्हणून केशवरावांकडची पुडी पाठवतो म्हटलं. “नको,” म्हणाला.

तो गेल्यावर दादांनी मला हाक मारली.

“तू लाव.”
“मी?”
“तूच. तुझा देवीवर विश्वास नाही, आणि लबाडीवर तर त्याहून नाही. आयुष्यात खोटं बोलला नाहीस, शाळेत छड्या खाल्ल्यास पण बोलला नाहीस. तुझ्या हातानं लागलेल्या पाकळीवर मी डोळे मिटून जाईन. इतका सोवळा हात मला दुसरा कुणाचा मिळणार?”

मी उठून दिव्याची वात सारखी केली.

ता. २९. कल्याण.
उद्या शुक्रवार, देवीचा वार.

दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या तर मी प्रामाणिक, आणि दादांचे प्राण वाऱ्याच्या झुळकीवर. उजवी पुसली तर ज्या पुजाऱ्याला मी गावोगावी उभा चिरला त्याच्या जागी मी स्वतः, आणि पेठेत आणखी एक घर देवीचा हवाला देऊन मणी कापसात ठेवणार. लावत नाही म्हटलं तर थेंब नाहीत. सगळं सांगून टाकलं तर थेंब नाहीत, मणीही नाहीत, आणि वहिनींना या घरात तोंड दाखवायला जागा नाही. पुनःपुन्हा मांडून पाहिलं. पाचवी वाट नाही.

दादांना सरळ विचारून पाहिलं, देवीनं नाही म्हटलं तर?
“तर आबांना हात जोडून बोलावीन. साल घेईन. जितके दिवस आहेत तितके.” असं म्हणाले जसं पावसाळ्यात कोठार शाकारायचं बोलावं.

वहिनी ताट पुसत होत्या. जाता जाता हळूच म्हणाल्या, “येतं ना भावोजी? की मी शिकवू?” हसल्या नाहीत.

ता. ३०, सकाळ. कल्याण.
अंघोळ झाली. सोवळं नेसलो, कित्येक वर्षांनी. वहिनींनी ताट माझ्या हातात दिलं: फुलं आणि पाण्यानं भरलेला तांब्या. पाकळ्या तोडलेल्या नाहीत. फूल तसंच ठेवलंय. आजचं सगळं माझ्यावर.

केशवरावांची बाटली देवघरात ठेवली आहे, दादांच्याच सांगण्यावरून. परत येऊन उघडायची किंवा नाही.

गाडी जुंपली आहे. दादा माझ्याआधी जाऊन चढले. चढताना एक पाय वर, एक खाली, तसेच थांबले. हात छातीवर. मला ओसरीत आलेला पाहताच त्यांनी तो हात खाली घेतला आणि मला म्हणाले, “चल रे, उशीर होतो.”